मानेचं नाटक

रग्बीतलं मला काही कळत नाही, असं क्लबातल्या मंडळींना वाटतं. वाटू दे. त्यांच्या जर्सी धुवायला माझ्या लाँड्रीत येतात, आणि कोण कुठे खेळतो हे मी कपडा बघून सांगू शकतो. कडेकडेने पळणाऱ्या देखण्या पोरांच्या चड्डीला नुसतं गवत लागलेलं असतं. पुढच्या रांगेतल्यांची मात्र गळपट्टी उसवलेली असते आणि खांद्यावरचा चिखल विणीत इतका बसलेला असतो की ब्रश हाताने चालवावा लागतो. तीन नंबरची जर्सी सगळ्यात वाईट. गेल्या हंगामापासून ती माझ्या भाच्याची आहे.

त्याला आम्ही ठोंब्या म्हणतो. लहानपणी कुठेही ठेवला की तिथेच बसायचा. शाळेत बाकं हलवायची असली की ह्यालाच बोलवायचे. मग एका मास्तरांनी बघितलं, की हा वर्गात ठोंब्या असला तरी जमिनीत पाय रोवून उभा राहिला तर चार जणांना हलत नाही. ते मास्तर पुढे क्लबाचे कोच झाले आणि ह्यालाही घेऊन गेले. क्लबाच्या जुन्या तीन नंबरची कंबर गेली आणि विशी गाठायच्या आतच पोरगं मोठ्या टीममध्ये उभं राहिलं. ताईला, म्हणजे त्याच्या आईला, हे कधीच रुचलं नाही. "खेळू दे गं," मी म्हणायचो. "खेळू दे की," ती म्हणायची, "पण मान मोडायचाच खेळ का?"

तिचंही चुकत नव्हतं. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण माना खाली घालून एकमेकांना भिडतात आणि मधल्या चेंडूसाठी रेटतात. पुढचे तिघे सगळ्यांच्या वजनाखाली, डोकी समोरच्यांच्या डोक्यांत अडकवलेली. तिथे चूक झाली तर मान जाते, म्हणून त्या जागी त्या कामात तयार झालेलाच माणूस लागतो. टीमकडे असा माणूस उरला नाही, तर रेफ्री सांगतो, आता रेटायचं नाही, नुसतं वाकून उभं राहायचं. नियम माणसं वाचवायला केलेला आहे. पण नियम आला की पळवाट आलीच.

हंगामातली शेवटची मॅच. हरलो असतो तर क्लब खालच्या गटात गेला असता, आणि खालच्या गटातला क्लब नव्या पोरांशी करार करत नाही. म्हणजे ठोंब्याला पुन्हा फर्निचरच्या गोदामात कपाटं उचलायला जावं लागलं असतं. आणि समोर कोण, तर रेडा. हे नाव आमच्या पोरांनी ठेवलेलं. वय चाळिशीला आलेलं, टक्कल पडलेलं, चालताना थोडा लंगडायचा. पण खाली वाकला की त्याचं काय व्हायचं कुणास ठाऊक. पहिल्या हाफमध्ये त्याने आमच्या पोराला चादरीसारखं घडी घालून ठेवलं. प्रत्येक स्क्रमला ठोंब्या मागे, आणि चेंडू त्यांच्याकडे.

मध्यंतराला मी कोरड्या जर्सी घेऊन खोलीत गेलो. तीन नंबरच्या बदली खेळाडूचा घोटा आधीच मुरगळला होता, तो बर्फात पाय घालून बसला होता. मास्तर ठोंब्यापुढे उकिडवे बसले.

"मान दुखतेय ना?"

"नाही सर."

"दुखतेय. नीट आठव."

पोराने मानेवरून हात फिरवून बघितला.

"पुढच्या स्क्रमला खाली पड आणि उठू नकोस. आपल्याकडे दुसरा माणूस नाही. रेटारेटी बंद होईल. मग पळण्यात आपणच भारी आहोत."

माझं डोकं सणकलं. "अहो मास्तर, मान आहे ती! हे काय बोलताय?"

"मामा, जर्सी ठेवा आणि बाहेर व्हा."

ठोंब्याने माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे. ज्याने आपल्याला बाकं हलवण्यातून उचललं त्याला नाही म्हणायला वेगळीच छाती लागते. ती एकोणिसाव्या वर्षी किती जणांना असते?

पुढच्याच स्क्रमला तो पडला. मी कुंपणाशी उभा होतो. नाटक आहे हे ठाऊक असूनही मी कुंपणावर एक पाय टाकला. आणि शिट्टी वाजायच्या आधी रेड्याचा आवाज आला, "थांबा! मागे व्हा सगळे! कुणी हात लावू नका त्याला!"

तो चिखलात पालथा पडला आणि ठोंब्याचं डोकं त्याने दोन्ही हातांत धरलं. चाकावरून उतरवलेल्या ओल्या मडक्याला कुंभार धरेल, तसं. तो काय बोलत होता हे मला ठोंब्याने नंतर सांगितलं. "मी आहे इथे. मान हलवू नकोस. पायाची बोटं हलव. हलतायत? शाब्बास. डोळे उघडे ठेव, माझ्याकडे बघ."

"तो खरंच घाबरला होता, मामा," ठोंब्या म्हणाला. "तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण बाहेर सर उभे होते."

पोराला मानेला पट्टा बांधून स्ट्रेचरवर घेतलं. रेडा ॲम्ब्युलन्सपर्यंत बाजूने वाकून चालत आला, हात न काढता. त्यानंतर तो खेळायला उतरलाच नाही. त्याच्या माणसांनी बोलावलं, तर नुसती मान हलवून कडेला बसून राहिला. आम्ही जिंकलो. माझ्याशेजारी लोक नाचत होते आणि मी ताईला फोन लावत होतो, तिला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.

"ताई, घाबरू नकोस. त्याला दवाखान्यात नेलंय, पण काही झालेलं नाही. नाटक आहे."

"कसलं नाटक?"

"मानेचं."

तिने फोन ठेवून दिला. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला तिचा राग आला नाही.

तिसऱ्या दिवशी, पोरगं दवाखान्यातून परत आल्यावर, मास्तर पेढ्यासारखं गोड तोंड करून घरी आले. करार पक्का. दोन वर्षांचा. "पोरगं टीमसाठी झटलं," ते म्हणाले. ताईने विचारलं, "झटलं की पडलं?" मास्तरांनी चहा अर्धाच ठेवला. ते गेल्यावर ठोंब्या माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, व्हॅन काढ. मला त्या माणसाकडे जायचंय."

"खरं सांगायला?"

"हो."

मला बरं वाटलं. खोटं का बोलू, छाती अभिमानाने फुगली. म्हटलं, आपलं पोरगं सरळ आहे.

रेडा काचेचं काम करतो. त्याच्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा मेजावर खिडकीची मोठी काच होती आणि तो तिच्यावर कापायची रेघ ओढत होता. मध्ये बोलायची सोय नव्हती. त्याने रेघ पुरी केली, काच मेजाच्या कडेला सरकवली, हलकेच दाबली आणि ती सरळ दुभंगली. मग त्याने वर बघितलं आणि ठोंब्याला ओळखलं. तो इतक्या घाईने पुढे आला की मेजाला आपटला.

"चालतोयस! अरे, चालतोयस की तू!"

"मला काही झालंच नव्हतं," ठोंब्या म्हणाला. "मी मुद्दाम पडलो होतो. मला सांगितलं होतं तसं."

रेडा थांबला. मला वाटलं, आता हा हात उचलणार, आणि उचलला तर मी मध्ये पडणार नाही.

"मान वळव," तो म्हणाला.

ठोंब्याने वळवली.

"दुसऱ्या बाजूला. आता वर बघ. दुखत नाही?"

"नाही."

"खरंच?"

"खरंच नाही."

तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "माझ्या शेजारी एक जण खेळायचा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "असाच पडला. मला वाटलं, सोंग करतोय. ऊठ रे, म्हटलं, आणि हाताला धरून उठवला. उठवायला नको होतं. तो आता चाकाच्या खुर्चीत असतो. दर रविवारी जातो मी त्याच्याकडे. काल गेलो तेव्हा त्याला सांगितलं, या वेळी मी चुकलो नाही."



"मला माफ करा," ठोंब्या म्हणाला.

"केलं रे. तू आलास, एवढं कोण करतं?" त्याचा आवाज शांत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "पण आता पुढच्या वेळी समोरचा पडला, की माझ्या मनात येईल, खरा पडला की त्या पोरासारखा? एवढं मनात यायलाही वेळ लागतो. तेवढ्यात मागचे रेटत असतात. असा विचार करणाऱ्या माणसाने त्या रांगेत उभं राहू नये."

"म्हणजे? तुम्ही खेळणार नाही?"

"तसंही माझं वय झालंय."

तो हसला आणि पुसायचं फडकं शोधू लागला. वय झालं नव्हतं. परवाच त्याने आमच्या पोराला पार दुमडून ठेवलं होतं, आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. खरं बोलून आम्ही मोकळे झालो होतो आणि ओझं त्याच्या अंगावर टाकून निघालो होतो. आता आम्हाला बरं वाटावं म्हणून तोच खोटं बोलत होता.

ठोंब्या तिथेच उभा राहून रडला, मोठ्याने, लहान मूल रडतं तसा. रेड्याने उठून त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो थांबेपर्यंत काढला नाही.