बारावी नळी

डायलिसिसच्या हॉलमध्ये अकरा खाटा होत्या, अकरा मशिनं आणि अकरा नळ. भिंतीतून निघणाऱ्या नळ्या मात्र बारा. मी दोनदा मोजल्या.

बारावी माझ्यामुळे उरली होती. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या या सेंटरमध्ये मी पाणी तपासते, आणि माझे अप्पा, नारायणस्वामी, आठवड्यातून तीनदा इथेच डायलिसिसला येतात. मार्चमध्ये ते खाटेवर चढायलाच तयार नव्हते.

"उत्तरेकडे डोकं करून मी निजणार नाही, कण्णा." लाडाने ते मला कण्णा म्हणतात.

"तात्ता," अप्पांना आजोबा म्हणत टेक्निशियन विजयकुमार हसला, "मशीनला कुठे दिशा कळते?"

"त्याला नको कळू दे. मला कळते."

खाट फिरवायची तर मशीन दोन हात पुढे न्यावं लागणार होतं. मीच गळ घातली. प्लंबरने पुढे नवी नळी काढली, जुनी वीतभर ठेवली आणि तिच्या तोंडावर टोपण चिकटवलं.

या सोमवारी मशीन सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली आणि अप्पांना हुडहुडी भरली. दात वाजत होते, माझा हात ते सोडत नव्हते. मशीन थांबवलं. तासाभराने शेजारच्या खाटेवरच्या श्रीदेवी मामीही कापू लागल्या. तेव्हा मी नळ्या मोजल्या.

"पाण्याचा रिपोर्ट तुझाच आहे, चांगला आहे," विजयकुमार म्हणाला.

"नमुना मी टाकीपाशी घेते. तिथे पाणी जोरात वाहतं."

मुख्य नळीत पाणी दिवसरात्र वेगाने फिरतं. गुळगुळीत प्लास्टिकवर जिवाणूंना सहज टिकता येत नाही. बंद तुकड्यात पाणी थांबतं. तिथे ते चिकटतात, स्वतःभोवती थर धरतात, आणि तोंडापाशी वाहणारं पाणी त्या थराचे तुकडे तोडून पुढे नेतं. पुढचा पहिला नळ अप्पांचा. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी मी हेच शिकले होते.

विजयकुमारने सगळी मशिनं बंद केली. तुकडा कापला. मार्चमध्ये प्लंबरच्या करवतीने खरखरीत झालेल्या कडेवर थर सगळ्यात जाड होता. हातमोज्यातूनही बुळबुळीत लागला. त्यातलं पाणी मी बाटलीत घेतलं. सगळ्या नळ्यांतून जंतुनाशक फिरवलं, धुतलं, अप्पांच्या नळाचा नवा नमुना घेतला आणि दोन्ही नमुने जिवाणू वाढवायच्या प्लेटांवर लावले. प्लेटला अठ्ठेचाळीस तास लागतात. एका मिलीलिटरमध्ये जिवाणूंच्या शंभराच्या वर वसाहती आल्या, तर मशीन लावायचं नाही.

बाकीच्यांना इतर सेंटरांत जागा मिळाली. अप्पांसाठी मी चार ठिकाणी फोन केले. शुक्रवारच्या आधी कुठेच नव्हती. सोमवारचं अर्धवट राहिलं होतं. बुधवारी संध्याकाळी ते बाहेरच्या बाकावर बसले होते. पाय सुजलेले, दर तीन शब्दांनी दम.

"उत्तरेकडे... डोकं कर म्हण... तरी निजतो."

मी आत गेले. दोन्ही प्लेटांवरच्या वसाहती दोनदा मोजल्या.

कापलेल्या तुकड्यातलं पाणी : एका मिलीलिटरमध्ये चार हजार सहाशे.

अप्पांचा नळ, धुतल्यानंतर : नऊ.