रडणारा कुरव

१९६० साल, उत्तरेच्या समुद्रातलं एक बेट. होडीघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पालथ्या होडीवर काळ्या पाठीचा भलामोठा कुरव, मासे खाणारा समुद्रपक्षी, पायाला दोरी बांधून बसवला होता. त्याच्यासमोर क्लेमिंटबुवा डोळे मिटून स्तोत्र आळवत होते. शेवटच्या कडव्याला पक्ष्याच्या चोचीवरून एक थेंब ओघळला. मग दुसरा.

"रडला! आपल्यासाठी रडला!" बायकांनी गुडघे टेकले.

एल्स्पा सगळ्यांत पुढे होती, वाटी घेऊन. घरी तिची सहा वर्षांची रूनवा चार दिवस जुलाबांनी हैराण होती. नवरा आइसलंडकडे मासेमारीला गेलेला, डॉक्टर पलीकडच्या बेटावर, आणि वादळामुळे होडी काढायची सोय नव्हती.

"कालच्यासारखेच हेही अश्रू समुद्राच्या पाण्यात घाल आणि लेकीला पाज," बुवा म्हणाले. "हा पक्षी समुद्र पिऊनच जगतो ना? अगं, तुमच्या खोपटीत टांगलेली मेंढी कशानं टिकते? खाऱ्या वाऱ्यानं! मग लेकीचं आतडं मिठानं टिकणार नाही होय?"

ह्यावर शंका काढणार कोण? घराघरामागे फटीफटीच्या फळ्यांची खोपटी आणि तिच्यात वाऱ्यावर वाळणारं मांस. त्यावरच गावाचा हिवाळा निघायचा. बुवांनी नेमकी नस पकडली होती. पोर "आई, पाणी" म्हणून तडफडत होती आणि एल्स्पा कालपासून तिला समुद्र पाजत होती.

ती घरी आली तर गावची नर्स मारिन खाटेशी बसलेली. मारिननं मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची चुणी तशीच उभी राहिली.

"काय पाजतेस हिला?"

एल्स्पानं सांगितलं. मारिननं तिच्या हातातली वाटी धरली.

"पोर रडतेय, पण डोळ्यांत टिपूस नाही, दिसत नाही तुला? अगं, मिठात मेलेलं मांस टिकतं. जिवंत पोर सुकतं!"

"पण तो पक्षी..." एल्स्पा वाटी सोडेना.

आणखी दोन घरांत हाच उपचार चालू होता. मारिननं शेजारणीला खाटेशी बसवलं, झऱ्याचं उकळून निवलेलं पाणी चमच्या-चमच्यानं पाजायला सांगितलं आणि एल्स्पाला ओढतच होडीघरात नेलं.

गर्दी अजून तिथंच होती. होडीखाली खारवलेल्या माशांची बादली होती. "स्तोत्राआधी हे भरवता, होय बुवा?"

"भुकेला असतो बिचारा."

मारिननं दोन मासे कुरवापुढे टाकले. त्यानं ते गपकन गिळले. "मला स्तोत्रं येत नाहीत," ती म्हणाली आणि तिनं शिव्या सुरू केल्या. "चोरट्या! खादाडा! मेंढ्यांचे डोळे फोडणाऱ्या मेल्या!" पाव तास तिचं तोंड चालू होतं. आणि कुरवाच्या चोचीवरून थेंब ओघळला.

मारिननं तो एल्स्पाच्या बोटावर घेतला. "चाट."

एल्स्पाचं तोंड वेडंवाकडं झालं. समुद्राहूनही खारट!

"ह्याच्या डोळ्यांवर दोन ग्रंथी असतात. रक्तातलं जादा मीठ त्या गाळतात, ते नाकपुड्यांतून बाहेर पडतं. शास्त्रज्ञांनी दोन-तीन वर्षांपूर्वीच शोधलंय हे. अश्रू कसले, ही त्याची मोरी आहे! तुमच्या लेकरांना ही मोरी नाही. त्यांच्या अंगातलं उरलंसुरलं पाणी ते मीठ बाहेर काढण्यातच संपतं."

एल्स्पानं वाटी बुवांपुढे धरली. "तुम्ही प्या."

"माझा... आज उपास आहे."

कुणीच हसलं नाही. त्या दोन घरांतल्या आया घराकडे धावत सुटल्या होत्या.

"चमत्कार खुशाल बघा," मारिन उरलेल्यांना म्हणाली, "पण गुडघे टेकण्याआधी विचारा, त्याच्या पोटात काय घातलं होतं? एवढं विचारलंत तर तुमची पोरं वाचतील."

दुपारभर एल्स्पा चमच्या-चमच्यानं पाणी पाजत राहिली. "मीच पाजलं गं, माझ्या हातानं," एवढंच पुटपुटत होती. मारिन मुलीची नाडी बघत होती. पोर वाचेल याची खात्री तिलाही नव्हती.

दिवस कलताना रूनवा कुरकुरली, मग रडली. एल्स्पानं तिच्या गालावरून बोट फिरवलं आणि ते मारिनपुढे धरलं. बोट ओलं होतं.