गवतावर जळणारी झारी

हसू नका. धुण्याच्या दगडाशेजारी उपडी पडलेली ही पत्र्याची झारीच तुमच्याशी बोलतेय. इतक्या वर्षांनी तोंड उघडायचं कारण एकच, मला हेवा वाटतो. माणसं हेवा लपवतात आणि वर ‘मला काय त्याचं’ म्हणून मान उडवतात. मला ते जमत नाही. माझ्या बुडाला भोक पडलंय, पोटात काही राहत नाही.

ज्याचा हेवा वाटतो ते माझ्या समोरच पसरलंय. गवत. फूल नाही, फळ नाही, वास नाही. तरी सगळं घर त्याच्या मागे वेडं झालं, आणि शेवटी माझी आक्काबाईसुद्धा. इतरांचं मी सोडून दिलं असतं. आक्काबाईचं सोडवत नाही.

एक्याण्णव साली भद्रकालीच्या बाजारात गोटीराम पत्रेवाल्याच्या दुकानात माझा जन्म झाला. त्यानं मला ठोकून वाकवलं, सोंड लावली आणि सोंडेच्या टोकाला बारीक भोकांची जाळी बसवली. मखमलाबादला फुलांचा मळा असलेले रावजी तिथे आले. माझ्यात पाणी भरून त्यांनी ते दुकानासमोर मातीवर ओतून पाहिलं, सगळीकडे सारखं पडतंय याची खात्री केली आणि मला सायकलच्या हँडलला अडकवून घरी नेलं. घरी त्यांनी मला बायकोच्या हातात दिलं. ती आक्काबाई.

मळ्यात शेवंती होती, पिवळी, गच्च पाकळ्यांची. दसरा-दिवाळीला तिच्या पाट्या बाजारात जायच्या. फुलं संपली की बाकीची माणसं शेवंतीला विसरतात, पण आक्काबाईचं खरं काम तेव्हा सुरू व्हायचं. जुन्या झाडाच्या बुडाशी कोवळे फुटवे येतात, त्यांना काश्या म्हणतात. पुढच्या वर्षीची लागवड त्यांच्यातूनच होते. त्या उन्हाळाभर जगवायच्या. पाणी कमी पडलं तर वाळतात, जास्त झालं तर कुजतात. ऊन उतरलं की आक्काबाई मला उचलायची, मनगट जरासं कलतं करायची आणि पानावर थेंब न उडवता बुडाशी पाणी सोडायची. ओल राहिली पाहिजे, चिखल नको. ते मनगट आणि मी मिळून हे काम करत होतो, आणि त्या कामात आमच्यामध्ये तिसरं कुणी नव्हतं.

पुढे रावजी गेले. शहर मळ्यापर्यंत येऊन पोहोचलं, मळ्याचे प्लॉट पडले. मुलगा ज्ञानेश ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरीला होता. त्यानं त्यातल्याच एका प्लॉटवर बंगला बांधला. आक्काबाई त्या बंगल्यात आली ती दोन गोष्टी घेऊन, मला आणि गोणपाटात गुंडाळलेल्या काश्यांना. परसातल्या शेवग्याखाली तिनं हातभर रुंदीचा वाफा केला. आसपासच्या मळ्यांतून ती जुनी शेवंती केव्हाच गेली होती. कुणी द्राक्षं लावली, कुणी प्लॉट पाडले. रावजींनी जपलेलं वाण आता त्या एवढ्याशा वाफ्यात उरलं होतं.

तोवर माझं बरं चाललं होतं. मग गंगापूर रोडच्या एका लॉनवर ज्ञानेशच्या साहेबाच्या मुलीचं लग्न झालं. तिथलं हिरवंगार गवत, त्यावरच्या पांढऱ्या खुर्च्या बघून हा जो भारावून परत आला, त्यानं बंगल्यासमोर लॉन करायचं ठरवूनच टाकलं. नर्सरीवाल्यानं गवताचे चौकोनी तुकडे आणून सतरंजीसारखे अंथरले. त्यांच्याबरोबर हिरवा लांबलचक पाइप आला. तो भिंतीवरच्या खुंटीला वेटोळं घालून बसायचा, आणि नळ सोडला की ऐटीत अंगणभर फिरायचा. मला न्हाणीघरामागे ठेवलं. माझ्यात धुण्याचे चिमटे टाकू लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आक्काबाई तेव्हा माझ्या बाजूची होती. जन्मभर निंदणी केलेली बाई ती, फुलांच्या वाफ्यातलं गवत खुरप्यानं काढण्यात तिची कंबर वाकली होती. आता त्याच गवताला पाणी पाजायचं, खत घालायचं म्हणजे तिला चेष्टाच वाटायची. संध्याकाळी ती लॉनवर बसून शेजारच्या भागीबाईशी गप्पा मारायची. गप्पा रंगल्या की तिचा हात सवयीनं गवत उपटू लागे. ती उठून गेली की तिथे टोपलीएवढं टक्कल पडलेलं असायचं आणि बाजूला उपटलेल्या गवताची नीट ढिगुळी. चार टकलं झाल्यावर ज्ञानेशनं तिला लॉनवर बसायची बंदी केली. ती ओट्यावर बसू लागली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, कितीतरी दिवस मी त्याच आनंदात होते.

मग दोन हजार तीनचा उन्हाळा आला. ज्ञानेशची मुलगी मनीषा, तिचं लग्न वणीच्या रोहितशी ठरलं होतं. रोहितही ओझरच्याच कारखान्यात. त्याच्या वडिलांना ज्ञानेशनं लॉनचं इतकं कौतुक सांगितलं होतं की ते म्हणाले, साखरपुड्याला हॉल कशाला, तुमच्या लॉनवरच करू. मे महिन्यातली तारीख निघाली. आणि एप्रिलमध्येच बोअर आटला.

नळाला पाणी दिवसाआड, तेही घरापुरतं. पाइप खुंटीला निपचित पडला. मी मनातल्या मनात उड्या मारल्या. कुणीतरी माझ्यातले चिमटे काढले, मला विसळलं, आणि मला वाटलं, आले माझे दिवस. पण मला उचललं ते ज्ञानेशच्या बायकोनं, छायानं. आणि नेलं ते लॉनवर. भांडी विसळलेलं, भाजी धुतलेलं, जे म्हणून पाणी उरेल ते लॉनला, असा ज्ञानेशचा हुकूम होता. छाया उंचावरून भसाभस ओतायची. ज्या सवतीनं मला अडगळीत टाकलं तिचेच पाय धुवायची पाळी माझ्यावर आली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, गळकी असते तर बरं झालं असतं.

काश्यांना या हुकुमात जागा नव्हती. आक्काबाईनं वाद घातला नाही. तिनं अंघोळीला साबण लावणं बंद केलं. परातीत उभी राहून दोन तांबे अंगावर घ्यायची आणि परातीत साचलेलं पाणी माझ्यात भरून शेवग्याखाली आणायची. तेवढं पाणी पुरायचं. रोज तेवढी एक फेरी माझी होती, आणि त्या एका फेरीवर मी उरलेला दिवस काढत होते.

साखरपुड्याला आठवडा राहिला तेव्हा ज्ञानेशला गवत वाढलेलं दिसलं. तो यंत्र घेऊन आला आणि देखणं दिसावं म्हणून त्यानं ते अगदी मुळाशी कापलं. बोडकं गवत आणि वर मेचं ऊन. तीन-चार दिवसांत सगळं लॉन पिवळं पडलं. त्याचा चेहरा त्याहून पिवळा. तो परसात आला, तेव्हा आक्काबाई शेवग्याखाली मला कलती करून बसली होती.

तो चिडून बोलला नाही, काकुळतीला येऊन बोलला. म्हणाला, “आई, शेवंती काय, बाजारात मिळते गं. लॉन असं दिसलं तर त्या लोकांसमोर मी तोंड कसं दाखवू?”

आक्काबाई म्हणाली, “फुलं मिळतील बाजारात. हे वाण नाय मिळायचं. तुझ्या बापानं जपलेलं हे. इथं मेलं का मेलंच.”

त्याच्या मागे दारात मनीषा होती. तिनं लॉनचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली, “आजी, पप्पा रात्री झोपत नाहीत गं.”

माझ्यात अजून अर्धं पाणी होतं. मला वाटलं, आक्काबाई ओतेल इथंच, कुणाला काय घाबरायचंय तिला. ती उठली, मला घेऊन पुढच्या अंगणात गेली आणि ते अर्धं पाणी तिनं गवतावर सोडलं. दुसऱ्या दिवशी अंघोळीचं सगळं पाणी गवतावर. तिसऱ्या दिवशीही. काश्या माना टाकू लागल्या. मी रिकामी होऊन त्यांच्यासमोरून परत यायची, आणि गवताचा असा राग यायचा की जाळीच्या एकेका भोकातून उकळतं पाणी सोडावंसं वाटायचं.

साखरपुड्याच्या सकाळी गवतावर कुठे कुठे हिरवी झाक आली होती. ज्ञानेश हरखून गेला. तेवढ्यात मंडपवाल्यांचा टेम्पो आला. त्यांनी गालिचे उतरवले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं लॉन झाकून टाकलं. गालिचा, मंडप, खुर्च्या, सोफा, सगळं ज्ञानेशनंच महिनाभर आधी सांगून ठेवलेलं. साखरपुडा म्हटला की गालिचा आलाच, त्याखाली काय आहे ते त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. वणीहून जीप भरून माणसं आली, बसली, जेवली. लॉनची काडीही कुणाच्या नजरेला पडली नाही. मी परसात पडल्या पडल्या पोट धरून हसले.

जेवण झाल्यावर रोहितची आई, लंकाबाई, हात धुवायला परसात आली. हात तसेच ओले ठेवून ती शेवग्याखाली खाली बसली आणि एक वाळकं पान चुरगळून तिनं हुंगलं. तिनं आक्काबाईला हाक मारली. म्हणाली, “आत्याबाई, ही गच्च पिवळी ना? माझ्या माहेरी व्हती. पार गेली बघा आता. चार काश्या द्या मला. आमच्याकडं विहिरीला पाणी हाय.”

सोयरीक जुळल्या दिवशी विहिणीनं काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. पण चार द्यायच्या आणि चार ठेवायच्या, एवढं तर कुणीही करतं. छाया हळूच तसं म्हणालीही. आक्काबाईनं खुरपं घेऊन वाफा उकरला. बऱ्याच काश्या वाळल्या होत्या. मुठीत मावतील एवढ्याच बुडाशी हिरव्या निघाल्या. त्यातली एकही तिनं मागे ठेवली नाही.

ती छायाला म्हणाली, “पोरीच्या सासरी जाऊ दे. तिथं मातीत राहतील.”

तिनं त्या गोणपाटात गुंडाळल्या आणि वरून मला कलती केली. गोणपाट भिजेपर्यंत, एक थेंबही वाया न घालवता. मग त्या जीपमध्ये लंकाबाईच्या मांडीवर बसून वणीला गेल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटला हेवा. त्यांना गोणपाटात गुंडाळून पाठवायला माणसं होती.

दुसऱ्या दिवशी गालिचे उचलले. खालचं गवत दिवसभर झाकून उकडलेलं, खुर्च्यांच्या पायांनी भोकं पडलेलं, लोळागोळा झालेलं. ज्ञानेश ओट्यावर डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, बरी जिरली.

ऊन उतरलं. आक्काबाईनं मला भरलं आणि ती सवयीनं शेवग्याकडे वळली. वाफा उकरलेला, रिकामा. ती तिथे मला धरून उभी राहिली. मग ती पुढच्या अंगणात आली. कुणी सांगितलं नव्हतं. आता पाहुणे यायचे नव्हते, कुणाला काही दाखवायचं नव्हतं. ती गवतापाशी खाली बसली आणि तिनं मनगट कलतं केलं. छायासारखं भसाभस नाही. तसंच हळू, बुडाशी, पात्यावर थेंब न उडवता. जे फक्त शेवंतीचं होतं, ते सगळं तिनं गवताला दिलं.

आणि त्याला म्हणाली, “पी बाई. आता तूच हायेस.”

मी तिच्या हातात होते. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

पावसाळ्यानंतर गवत उठलं, पहिल्यापेक्षा दाट झालं. ज्ञानेशनं आईवरची बंदी उठवली. ती संध्याकाळी तिथे बसू लागली, पण आता तिचा हात गवत उपटत नव्हता. ती त्यावरून नुसता हात फिरवायची. बोअर खोल करून घेतल्यावर नवा पाइप आला आणि मी पुन्हा न्हाणीघरामागे गेले. तिथल्या बोळातून पुढचं लॉन दिसतं, त्यामुळे मला तो हात रोज दिसायचा.

आता त्यालाही पाच-सहा वर्षं झाली. वणीला शेवंती चांगली पसरलीय म्हणतात. दसऱ्याला मनीषा पाटीभर फुलं आणते, काश्याही आणू का म्हणून विचारते. आक्काबाई नको म्हणते. तिचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही. छाया तिची खुर्ची लॉनच्या कडेला ठेवते, आणि ती चप्पल काढून पाय गवतावर टेकवते. पाइपनं पाणी मारताना ज्ञानेश तिच्या पायांवरही थोडं सोडतो. ती डोळे मिटून घेते.

परवा छाया भंगारवाल्याला थांबवून मला दाखवत होती. त्याला पत्रा हवाच होता, येत्या आठवड्यात येतो म्हणाला. जाईन. बुडाला भोक पडलेल्या झारीनं राहायचं तरी कशाला? फक्त एक करा. जायच्या आधी मला भरा आणि आक्काबाईच्या खुर्चीपाशी नेऊन द्या. गळेन मी, पण खुर्चीपासून गवतापर्यंत पुरेल एवढं पाणी राहील पोटात. गवतालाच घालू द्या तिला, माझं काही म्हणणं नाही. पण तिच्या हातानं घालू द्या.