कोकरू घेतल्यावाणी

२०११ सालच्या मार्गशीर्षात, सकाळच्या गारठ्यात, अर्पिताच्या हातून बॉल सुटला आणि दीपाली पळायला लागली.

अमरसिंह सरांचा नियमच तसा होता. शाळेमागच्या मैदानावर बेसबॉल शिकवताना ते पोरींच्या जोड्या लावत. जिच्या हातून बॉल सुटेल तिला शिक्षा नाही. तिच्या जोडीदारणीनं मैदानाला फेरी मारायची.

"फेकणारीनं झेलणारीची काळजी घेतली पाहिजे," सर म्हणत. "धरता येत नाही असा बॉल टाकलाच कशाला?"

येरमाळ्यापासून चार कोसांवरच्या त्या गावात हा तांबड्या शिवणीचा बॉल सरांनीच पहिल्यांदा आणला. हातमोजे सात आणि पोरी अठरा. रणधीरराव शाळेच्या समितीचे अध्यक्ष, चाळीस एकरांचे धनी. त्यांची अर्पिता नववीत होती. दीपाली बिराप्पा धनगराची, दहावीत. पहिल्या पंधरा दिवसांत दीपालीनं अर्पितापायी इतक्या फेऱ्या मारल्या, की बाभळीखालून तिची वेगळी पाऊलवाट पडली.

आताही ती फेरी पुरी करून आली. टाचेतला काटा एका पायावर उभं राहून काढला, आणि अर्पिताजवळ येऊन तिचा मोजा नीट केला.

"बॉलला भिऊ नगं गं. तू त्याला थांबवाया जातीस, म्हणून तो उडतो. यिऊ दे त्याला. आला की हात जरा मागं घ्यायचा, कोकरू घेतल्यावाणी."

"मी कधी कोकरू घेतलंय?"

"मग उशी घेतल्यावाणी घे. पाटलाची तू!"

दोघी हसल्या. अर्पिताला त्या दिवशी पहिल्यांदा सलग पाच बॉल धरता आले.

दीपालीचा हात मेंढरांमागं तयार झालेला. कळपातलं मेंढरू वळवायचं तर दगड त्याला लागता कामा नये, बरोबर त्याच्या पुढ्यात पडला पाहिजे, हे बिराप्पानं तिला बोलता येण्याआधी शिकवलं होतं. सरांकडं ती असा बॉल फेकी, की त्यांचा तळहात लाल होई. अर्पिताकडं फेकताना मात्र तोच हात सैल पडे. पोरींना ते दिसत होतं.

"ए दीपे," शिवकन्या ओरडायची, "बॉल टाकतीस का निवद दाखवतीस?"

हसण्याची लाट उठे. दीपालीही हसे. अर्पिता मोज्याची दोरी दातानं आवळत राही.

राज्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. त्या निवडीच्या आदल्या दिवशी हातपंपावर पाणी पिताना दीपाली म्हणाली, "तुला एक सांगू? कुणाला बोलू नगं. माझी निवड झाली तर फुडं खेळाडूंची निवासी शाळा हाय, बापू म्हणला शिक तितं. न्हाय झाली तर माघात लगीन. भूमचं स्थळ हाय. पोरगा माझ्या चुलत्याएवढा दिसतुया." तिनं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "पर हुईल माझी. सर म्हणले."

"हुईल की," अर्पिता म्हणाली, आणि पंपाचा दांडा दाबत राहिली.

दुसऱ्या दिवशी पंधरा नावं झाली. सोळावी एकच जागा उरली. रणधीरराव मोटारसायकल मैदानाच्या कडेला लावून तिच्यावरच बसले होते. सोळावं नाव लिहिण्याआधी सरांनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि वही मिटली.

"जागा एक, पोरी दोन. अर्पिता आणि दीपाली. दहा-दहा फेका. जिची फेक समोरचीच्या हातात जास्त वेळा राहील ती जाईल. बरोबरी झाली तर दीपाली. तिचं हे शेवटचं साल आहे, अर्पिताला अजून एक आहे."

आधी अर्पितानं फेकलं. तिसरा बॉल पार वाकडा गेला. दीपाली झेपावली, गुडघा खडीवरून फरफटला, पण बॉल मोज्यात होता. सातवा डोक्यावरून चालला होता. तिनं उडी मारून खाली ओढला. दहाच्या दहा. गुडघ्यातून निघालेलं रक्त पोटरीवर वाळत होतं, आणि ती अर्पितालाच म्हणत होती, "ब्येस टाकलीस गं!"

मग दीपालीची पाळी आली. पहिला, दुसरा, पाचवा. सगळे अर्पिताच्या छातीशी, जिथं मोजा तिथं. नऊ झाले.

"धाव्याला हळदकुंकू लाव गं, दीपे!" शिवकन्या ओरडली.

सगळ्या पोरी खिदळल्या. त्यांच्या वरताण आवाज रणधीररावांचा होता. अर्पितानं मान वळवून बापाकडं पाहिलं. ते मांडीवर थाप मारून हसत होते.

दीपालीनं हात खाली घेतला आणि बॉल आणखीच हलका सोडला. इतका हलका, की फिरताना त्याच्या शिवणीचे टाके मोजता आले असते. तो आला, मोज्याच्या मधोमध टेकला. अर्पिताला त्याचं वजन कळलं. बोटं मिटायची तेवढी राहिली होती.

तिनं ती मिटली नाहीत.

बॉल तिच्या पायाशी पडला आणि थोडी धूळ उडाली.

कुणी हसलं नाही. सरांनी तिच्या उघड्या मोज्याकडं बराच वेळ पाहिलं, मग मोटारसायकलकडं, मग वही उघडून नाव लिहिलं. दीपाली अर्पिताकडं बघत होती. बॉल सुटला होता. ती वळली आणि बाभळीखालच्या आपल्या वाटेनं फेरी मारायला पळाली. तिला कुणी थांब म्हणालं नाही.

माघात तिचं लग्न झालं. जेवणावळीला अर्पिता गेली नाही, शिबिरात होती.

अमरसिंह सरांची पुढच्याच साली बदली झाली. नव्या शाळेत त्यांनी जोडीचा नियम सोडून दिला. का, ते विचारणाऱ्याला सांगत नसत. शिवकन्या पुण्याला नांदते, तिला यातलं काही आठवत नाही. रणधीरराव पक्षाघातानं अंथरुणाला खिळले आणि दोन वर्षांनी गेले. बिराप्पानं मेंढरं विकली. अर्पिता राज्याच्या स्पर्धेत तिन्ही सामने बाकावर बसून होती, पण प्रमाणपत्र मिळालं, आणि खेळाडूंच्या राखीव जागेतून ती पोलिसात लागली.

परवाच्या दिवाळीआधी ती वर्दीवर एसटीनं धाराशिवला निघाली होती. येरमाळ्याला गाडी थांबली. खाली सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया खिडक्यांशी धावत होत्या. त्यांतली एक मागंच थांबली. अंगानं सुकलेली, कपाळ मोकळं. तिनं वर्दी पाहिली, मग तोंड पाहिलं.

गाडी हलली. त्या बाईनं पाटीतलं एक पिकलेलं सीताफळ उचललं आणि खिडकीकडं फेकलं.

अर्पिताचा हात आपोआप बाहेर गेला, जरासा मागं आला, आणि फळ तळहातात होतं. कुठं चीर नाही, डोळासुद्धा दबलेला नाही.

"मॅडम, काय धरलं हो!" मागून कंडक्टर म्हणाला. "खेळात होता का?"

तिनं वळून खाली पाहिलं. दीपाली तिच्या तोंडाकडं बघत नव्हती. ती तिच्या मिटलेल्या बोटांकडं बघत होती. मग तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि मागून आलेल्या गाडीकडं पळायला लागली.