डावीकडचा मॉनिटर

वीरधवलने आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या दाराचा पडदा ओढून बाहेरचं ऊन तोडलं, दोन मॉनिटर शेजारी शेजारी मांडले आणि दोन्हींवर एकच चित्र आणलं. झेंडूची रास आणि मधोमध ओंजळभर पांढरी शेवंती. मग कमरेवर हात ठेवून तो नाथाजींकडे वळला.

“आता तुमीच सांगा शेठ. खरा रंग कुठला दाखवतोय? आमच्या पोरांना विचारलं तर ती खोक्यावरचं वाचून सांगतील. तुमच्या नजरेला खोकं कशाला पायजे?”

कौतुकानेच म्हणाला तो. खरेदीला आलेली दोन-तीन माणसं हातातलं सोडून बघायला थांबली. विट्याकडचा गलाईवाला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारा माणूस, सांगलीत कुठल्याही दुकानात शिरला तरी लोक त्याच्या नजरेची परीक्षा घेतल्याशिवाय राहत नाहीत. नाथाजींची तर तीस वर्षं कोईमतूरच्या गल्लीत भट्टीपुढे गेली होती. काळ्या दगडावर गिऱ्हाइकाच्या सोन्याची रेघ ओढायची, शेजारी खात्रीच्या सोन्याची ओढायची, आणि दोन्ही रेघा ताडून कस सांगायचा. आता कस मोजायची यंत्रं आली होती, तरी यंत्राचा आकडा बघून झाल्यावरही लोक विचारत, “शेठ, तुम्हाला काय वाटतं?” त्या एका प्रश्नावर नाथाजी ताठ मानेने जगत आले होते.

ते पुढे वाकले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडचा झेंडू सारखाच होता आणि शेवंतीही सारखीच, तेलकट हात लागलेल्या काचेतून दिसावी तशी.

नाथाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. कोईमतूरच्या डॉक्टरने केव्हाच सांगितलं होतं, ऑपरेशन साधं आहे, करून टाका. साधं होतं ते डॉक्टरला. कोईमतूरला करावं तर डोळ्यावरची पट्टी सारी गल्ली बघणार, गावी येऊन करावं तर मिरज गाठायची, आणि मिरजेच्या दवाखान्यातल्या बाकड्यांवर निम्मा खानापूर तालुका बसलेला असतो. दिवस मावळायच्या आत साऱ्या गलाईवाल्यांत पसरलं असतं की नाथाजी शेठची नजर गेली. मग त्यांना काय वाटतं हे कोण कशाला विचारेल? म्हणून त्यांनी बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता.

“काय शेठ, अवघड हाय का?” वीरधवल हसत म्हणाला.

“अवघड कसलं? जरा बघू तर दे.”

त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा, मल्हार, इतका वेळ गप्प उभा होता. तो पुढे झाला आणि त्याने डाव्या मॉनिटरची कड शर्टाच्या बाहीने हळूच पुसली.

“ह्यो,” नाथाजी म्हणाले. “डावीकडचा.”

“याला म्हणतात नजर!” वीरधवलने टाळीच वाजवली आणि बघ्यांकडे वळून सांगितलं, “उजव्यात शेवंती पिवळी मारतीय बघा. मला कळायला दोन दिवस लागले, शेठनी उभ्या उभ्या सांगितलं.”

अंदाजाने मारलेला दगड नेमका लागला होता. नाथाजींनी रुमाल काढून कपाळ पुसलं आणि दुकानात उकडतंय म्हणाले.

खरं तर आजचा दिवस मल्हारचा होता. बायको आणि मुलगा गावीच असायचे; जत्रेसाठी आले की नाथाजी पोराला एक मोठी वस्तू घेऊन देत. मागच्या खेपेला टीव्हीला जोडून खेळायचं कन्सोल घेतलं. कॉम्प्युटर तर मल्हारने सुटे भाग मागवून स्वतःच्या हाताने जोडला होता, आणि ही गोष्ट नाथाजींनी कोईमतूरच्या गल्लीत भेटेल त्याला पकडून सांगितली होती. त्यांचा पुतण्या जयराज, जो तिथे त्यांच्या हाताखाली दुकान बघायचा, तोंड वाकडं करायचा. “तात्या, लय लाड करताय. खेळून खेळून डोळं घालवून बसल पोरगं.” डोळ्यांचा विषय निघाला की नाथाजी पाणी प्यायला उठत.

अडलं होतं ते मॉनिटरवर. घरचा टीव्ही जुना, त्यावर बटण दाबलं की गाडी क्षणभर उशिरा वळायची, आणि शर्यतीच्या खेळात तेवढ्यात मागचे तिघं पुढे निघून जायचे. मल्हार तासगाव-इस्लामपूरच्या पोरांबरोबर संघ करून खेळायचा आणि संघ हरला की बोल त्याला लागायचा. गेले सहा महिने तो एकाच मॉनिटरचं नाव घेत होता, आणि तो उजवीकडचा होता.

“रंगाचं सोडा,” वीरधवल म्हणाला, “खेळणाऱ्याला उजवाच. चित्र कसं पळतंय बघ.” त्याने कॉम्प्युटर जोडून दिला.

मल्हार बसला. गाडी सुटली तशी त्याची पाठ सरळ झाली, आणि बोटं कुठून कुठे पळतायत हेही कळेना. नाथाजींना पडद्यावरची गाडी काही धड दिसत नव्हती. पण पोराचा चेहरा दिसत होता आणि तो बघायला त्यांना डॉक्टरची गरज नव्हती. एवढं रमलेलं त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बघ्यांपैकी एकाने विचारलं, कुणाचा हो हा मुलगा? “आमचा,” नाथाजी म्हणाले, गरजेपेक्षा जरा मोठ्याने.

“हाच बांधा,” त्यांनी वीरधवलला सांगून टाकलं.

मल्हार उठला. एकदा उजवीकडे बघितलं, मग डाव्यापुढे जाऊन उभा राहिला.

“दादा, ह्याच्यात सोनेरी रंगबी असाच खरा दिसतोय का? बारीक फरक असला तर?”

“दिसतोय की. फोटोवाले, छपाईवाले ह्योच नेतात. पण तुला काय करायचाय?”

“मग ह्यो द्या.”

“आरं, ह्याच्यावर गाडी पळायची न्हाई तशी,” वीरधवल गोंधळला.

नाथाजी चिडलेच. “मल्हार, सहा महिनं जप करत हुतास त्या दुसऱ्याचा. पैशाकडं बघतोस व्हय रं? मी हाय की.”

“पैशाचं न्हाई आण्णा. दोनीबी सारख्याच किमतीचं हायत,” मल्हार म्हणाला. “मला ह्योच बरा वाटतोय.”

विट्याची वाट सरेपर्यंत खोकं त्याच्या मांडीवर होतं. नाथाजी मनात धुसफुसत राहिले. पोराला हवं ते द्यायला निघालेला बाप नको ते घेऊन परत येतो, तेव्हा त्याला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आपण डावा म्हणालो म्हणून तर यानं डावा घेतला नाही? ही शंका त्यांना आणखीच टोचू लागली.

घरी विजयमालाने खोक्याला हळदकुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि आतली वस्तू बाहेर निघाल्यावर म्हणाली, “एवढुसाच? आपला टीव्ही ह्यापेक्षा मोठा हाय की!” मग पुरणाचं आधण बघायला आत गेली.

मल्हारने तारा जोडल्या, मॉनिटर सुरू केला. नाथाजींना वाटलं आता गाडी सुटेल. तर समोर एक काळा दगड आला, आणि त्यावर शेजारी शेजारी दोन सोनेरी रेघा. मग दुसरा दगड. मग तिसरा.

हे फोटो नाथाजींनीच पाठवले होते. गेलं वर्षभर एखाद्या रेघेबद्दल शंका आली की ते मोबाईलवर फोटो काढून पोराला धाडत आणि वर फोन करून विचारत, “सांग बघू, कुठली सरस? शिकून ठिव.” तो सांगेल ते ऐकून ‘शाब्बास’ म्हणत, आणि तेच गिऱ्हाइकाला सांगत. जयराजलाही वाटायचं, तात्या पोराला धंदा शिकवतायत.

“ही कशाला ठिवलीस?” नाथाजींनी विचारलं.

“तुमी पाठवल्यात. समदी ठिवल्यात.”

“ते तुला शिकवायला धाडत हुतो.”

“व्हय.” मल्हार मॉनिटरकडेच बघत होता. “फोनवर पिवळं जास्त दिसतंय आण्णा. मी सांगायचो, पण लय भ्या वाटायचं. माझं चुकलं तर नाव तुमचं जायचं. ह्याच्यावर नीट दिसल.”

नाथाजी कॉटवर टेकले. दुकानातली ती बाही त्यांना आठवली. कोऱ्या मॉनिटरवर धूळ कुठली असायला?

“कवापासनं ठावं हाय तुला?”

“मागल्या दिवाळीपासनं. आईच्या निळ्या साडीला तुमी काळी म्हणालासा. आई रुसली. मला काय हसू आलं न्हाई.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तुमीबी कुठं बोललासा?”

नाथाजींना लाज वाटायला हवी होती. ती शोधायला गेले तर आत नुसता अभिमान भरलेला, इतका की तो कुठे ठेवावा हे कळेना. या पोराने चार माणसांत बापाची लाज राखली होती, आणि त्यापायीच हातात आलेली गाडी सोडून दिली होती. तेही अशा बेताने की बाप त्याच्यावरच चिडावा.

“आणि त्यो पळणारा मॉनिटर?” त्यांनी विचारलं.

“घिऊ की नंतर. आधी मिरज.”

तेवढ्यात नाथाजींचा फोन वाजला. जयराज होता, आवाजात घाई. “तात्या, एक बांगडी आलीय, यंत्राच्या आकड्यावर माणसाचा इस्वास न्हाई. तुमचंच मत पायजे म्हणतोय. कसाचा फोटो धाडलाय.”

नाथाजींनी रोजच्यासारखं ‘बघतो’ म्हणायला तोंड उघडलं. मग ते उठून उभे राहिले.

“माझं मत न्हाई मिळायचं. माझ्या दोनी डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. परवा मिरजंला जातोय. त्या माणसालाबी तसंच सांग.”

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

“मग तात्या, वरीसभर कस कोण सांगत हुतं?”

“मल्हार.”

“कुठला मल्हार? आपला? त्यो खेळत बसतोय त्यो?”

“व्हय,” नाथाजी म्हणाले, शेजारच्या घरालाही ऐकू जाईल अशा आवाजात. “खेळत बसतोय त्योच. थांब, त्याला देतो.”

त्यांनी फोन पुढे केला. मल्हारने तो लगेच घेतला नाही. मान खाली घालून तो मॉनिटरची कड बाहीने पुसत राहिला.