महाराजांच्या पेटीतला निवृत्ती

"आला! निवृत्ती आला!"

मारुतीच्या पारासमोर घातलेल्या मांडवात दोनशे माणसं एकदम ओरडली. पाय ठेवायला जागा नव्हती. बायका एकीकडं, माणसं एकीकडं, पोरं लिंबाच्या फांद्यांवर. समोर चौरंगावर शिसवी लाकडाची एक पेटी, पेटीवर भगवी शाल आणि शालीमागं श्री नादानंद महाराज. उन्हाळ्याची पाच वाजताची वेळ, पण कोणाला घामाची शुद्ध नव्हती.

थोड्या वेळापूर्वी महाराजांनी डावा हात शालीखाली सारला, उजव्या हातानं एका भजनाची चाल छेडली आणि कुठूनसा ताल सुरू झाला. टिक-ढप-टिक-छिस. ताल एकटाच नव्हता, खाली खर्जाचे सूर होते आणि मागं झणझण वाजणाऱ्या तारा. मग महाराजांनी दोन्ही हात उचलून डोक्यावर जोडले. साथ चालूच!

"भाता नाही बाप्पा या पेटीले!" पुढं बसलेली सत्यभामाबाई किंचाळली. "हात वर हायेत अन् तरी वाजून राह्यली!"

महाराजांनी डोळे मिटले. "कोण वाजवतो आहे? नाव सांग, बाळ. नि... नि... पुढचं अक्षर धूसर आहे..."

पुढचं अक्षर गावानं पुरवलं, तीच ती आरोळी. महाराज चार दिवसांपासून निवृत्तीच्याच थोरल्या भावाकडं, उकंडरावाकडं, मुक्कामाला होते आणि भिंतीवर निवृत्तीचा हार घातलेला फोटो होता. पण हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येणार?

"पण महाराज, आमचा निवृत्ती ढोलकी वाजवे," एका म्हाताऱ्यानं शंका काढली. "हा आवाज तर पत्र्यावानी येऊन राह्यला."

"देह गेला, मग कातडं कुठून राहील? आत्म्याची ढोलकी कातड्याची नसते, बाबा. ती शुद्ध नादाची असते. सोबत झंकार ऐकलास? ते गंधर्व."

म्हाताऱ्यानं गंधर्वांना हात जोडले.

मी मांडवाच्या खांबाला टेकून हे बघत होतो आणि जळत होतो. साध्या भाषेत सांगायचं तर माझा जळफळाट होत होता. मी वामन मास्तर. नांदुऱ्याहून पाच कोसांवरच्या या गावात प्राथमिक शाळेवर नोकरी आणि पंधरा वर्षं भजनी मंडळात पेटी. पंधरा वर्षांत माझ्या पेटीसाठी पोरं कधी झाडावर चढली नाहीत. हा बुवा धड दोन सूर नीट लावत नव्हता, तिसऱ्या काळीवर त्याचं बोट दर वेळी घसरत होतं, आणि त्याला दोनशे माणसं! १९८४ सालची ही गोष्ट आहे. माझ्या अंगात त्या दिवशी जी चिकित्सा शिरली तिचं मूळ विज्ञानात नव्हतं, हेव्यात होतं. हे आधीच कबूल करतो.

आणि हेवा एकट्या महाराजांचा नव्हता. मेलेल्या निवृत्तीचाही होता.

निवृत्ती माझा जोडीदार. मी पेटी, तो ढोलकी. जत्रेत आम्ही बसलो की वाहवा सगळी त्याला. मी चाल धरायचो, तो तिच्यावरून उडी मारून पुढं जायचा आणि लोक त्याच्याकडं बघायचे. तीन वर्षांमागं काविळीनं गेला. त्याची बायको विमल मागं राहिली. माझी बायको त्याच्याही आधी गेलेली. हळूहळू आमच्या दोघांच्या मनात आलं आणि शेवटी उकंडरावानंही होकार दिला. विधवेचं दुसरं लग्न, ज्याला आमच्याकडं पाट म्हणतात, ते आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लावायचं ठरलं. आखाजीला आठ दिवस उरले होते आणि निवृत्ती परत आला होता.

विमलबाई बायकांच्या पहिल्या रांगेत होत्या. पदर तोंडात धरून रडत होत्या. तीन वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड मी पाहिला नव्हता. माझ्याकडं बघून तर कधीच नाही.

"महाराज, त्याइले एक इचारा," त्या उठून म्हणाल्या. "म्या पाट लावू का?"

महाराजांनी डावा हात पुन्हा शालीखाली टेकवला. "आत्म्याला आधार लागतो," म्हणाले. मग खड्या आवाजात, "निवृत्ती! मान्य असेल तर सरळ वाजवत रहा. मान्य नसेल तर ताल मोडून दाखव!"

चार आवर्तनं सरळ गेली. माझा जीव खाली पडला. आणि पाचव्याला धडधड-धडधड-धड-छिस्स!

"नाही म्हणतो," महाराज म्हणाले. "बाई, तो तुला सोडून कुठंही गेलेला नाही. रविवारी मी नर्मदेकाठच्या मठात परत जातो. तिथं ये. जन्मभर त्याचा नाद ऐकत सेवा कर."

विमलबाईंनी तिथंच महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं. घर, शेत, गाव, सगळं सोडून रविवारी जायचं त्यांनी दोन मिनिटांत ठरवलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी सर्वांत पुढं जाऊन बसलो. ऐकायला नाही, चुका काढायला. हेवेखोर माणसाचे कान फार तीक्ष्ण असतात. मला त्या ताल मोडण्यात काहीतरी खटकलं होतं. गावकरी एकेक प्रश्न विचारत होते, निवृत्ती 'नाही' म्हणत होता आणि मी तो तुकडा बोटांवर मोजत होतो. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, सहाव्यांदा. तेच सोळा ठोके, तोच जोर, शेवटी तोच छिस्स. निवृत्तीला ओळखणारा माणूस हे ऐकून हसला असता. आज वाजवलेला तुकडा उद्या वाजव म्हटलं तर तो चिडायचा.

मी उठलो. "महाराज, निवृत्तीले रूपक लै आवडे. सात मात्रांचा ताल. एक डाव वाजवाले सांगा."

महाराजांचा हात शालीखाली किंचित चाचपडला. मग ते प्रसन्न हसले. "मास्तर, सात हा संसाराचा आकडा. सात वार, सात फेरे. वरच्या लोकात सात नाही. तिथं चार, नाहीतर तीन."

"काऊन? तिथं मोजता येत नाही?"

"बसा बे मास्तर खाली!" उकंडराव उठून उभा राहिला. "निवृत्ती जिता होता तवाही तुमी जळत होते अन् आता मेल्यावरही जळून राह्यले! पाट मोडला म्हनून पोटात दुखते!"

मांडव हसला. मी खाली बसलो, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा होता. विमलबाईंनी माझ्याकडं पाहिलं, त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. ती मला जास्त लागली.

शुक्रवारी रजा टाकली. नांदुऱ्याहून जलंब, तिथून रेल्वेच्या शाखा-मार्गाच्या गाडीनं खामगाव. तिथं महादेवराव लग्नाच्या वरातीत आणि स्टेजवर वाजवणारी आर्केस्ट्रा पार्टी चालवायचे. एकदा जत्रेत ओळख झाली होती. मी तालाचं वर्णन केलं, टिक-ढप-टिक-छिस. त्यांनी पलंगाखालून एक लांबट खोकं ओढलं. आत काळी प्लॅस्टिकची पेटी होती, भाता नसलेली.

"जपानी हाय. मुंबईहून आनली. आत सेल टाका, नाहीतर वायर लावा." त्यांनी एक बटण दाबलं, डाव्या हातानं एकच पट्टी दाबली आणि निवृत्ती महादेवरावांच्या घरात हजर झाला. गंधर्वांसकट.

"हात काढला तरी थांबत नाही," ते म्हणाले. "तुमी डाव्या हातानं नुसता सूर बदला, मागची साथ आपोआप त्या सुराची होते. हे तालाचं बटन. हे बदलाचं. मुखड्याले साधा ठेका, अंतरा आला का हे दाबा, साथ जरा भरून येते. तीच ती साथ वाजत राह्यली तर गानं मरते ना मास्तर. अन् हे तुकड्याचं. एक दाब, एक तुकडा, मंग पुन्हा सरळ."

मी दाबलं. धडधड-धडधड-धड-छिस्स.

"रूपक हाय का यात?"

"सात मात्रा जपानी माणसाले कोन सांगन? चार हायेत अन् तीन हायेत."

मग मी एक भजन वाजवलं. मुखडा साधा, अंतऱ्याला बदल, ओळ संपताना तुकडा. लाज वाटते सांगायला, पण मी त्या पेटीच्या प्रेमात पडलो. पंधरा वर्षांत मला अशी साथ मिळाली नव्हती. माझ्या पुढं न जाणारी, माझी वाहवा न पळवणारी, मी बोट ठेवीन तिथं बदलणारी. निवृत्तीनं माझं एवढं कधीच ऐकलं नसतं. तासभर वाजवून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी कंटाळलोय.

शनिवारी सकाळी नऊला महाराजांची निरोपाची सभा होती. महादेवराव स्वतः आले होते. मी त्यांची पेटी चौरंगाशेजारी एका बाकावर ठेवली, वर घरून आणलेलं माझं एक धोतर टाकलं आणि मांडवाला सांगितलं, "महाराजांचा निवृत्ती आयकला, आता माह्याही आयका."

डावा हात धोतराखाली गेला. ताल सुरू झाला. दोन्ही हात वर केले, ताल चालू. "निवृत्ती, ताल मोड!" ताल मोडला. मी विजयानं लोकांकडं पाहिलं. आता हसतील, आता बुवाला धरतील, असं मला वाटलं होतं.

सत्यभामाबाई धावत आली आणि माझ्या पाया पडली. "मास्तराच्याही हातात आला व माय! निवृत्ती मास्तराच्याही हातात आला!"

महाराज क्षणभर पांढरे पडले होते, पण गडी हुशार. "पाहिलंत?" ते गरजले. "परवा याच्या डोळ्यांत पाहून मी दीक्षा दिली होती. फळली!"

झालं! मांडव माझ्यापुढं वाकायला लागला. धोतर उचलायचं मला सुचेना, कारण तेवढ्यात विमलबाई समोर आल्या होत्या. हात जोडलेले, डोळे भरलेले.

"मास्तर, आता तुमीच इचारा त्याइले. पाट लावू का नोको? ते म्हनतीन तसं करीन."

माझं बोट धोतराखाली त्या बटणावर होतं. ते दाबलं नाही की झालं. ताल सरळ चालत राहणार, निवृत्ती 'हो' म्हणणार आणि विमल माझ्या घरी येणार. काही करायचंच नव्हतं, नुसतं बोट हलवायचं नव्हतं. आठ आवर्तनं गेली. लोक कुजबुजायला लागले, "सरळ चालला, हो म्हनते!" विमलबाईंचा चेहरा बदलायला लागला. आणि मला भयंकर राग आला. ही बाई माझ्याकडं येणार, ती त्याच्या परवानगीनं? मेल्यावरही माझ्या सगळ्या गाण्यांचा मान यानंच घ्यायचा?

मी धोतर ओढून बाजूला फेकलं. "विमलबाई, इथं बोट ठेवा. या बटनावर. दाबा."

त्यांनी भीत भीत दाबलं. धडधड-धडधड-धड-छिस्स. त्यांनी हात झटकन मागं घेतला.

"पुन्हा दाबा. तुमीच दाबा."

त्यांनी दाबलं. मग पुन्हा. पाच वेळा, सात वेळा. रडणं थांबलं. कपाळाला आठी पडली, मान कलती झाली. बारा वर्षं ढोलकीवाल्याच्या घरात राहिलेली बाई होती ती. चुलीपुढं बसून तिनं माझ्यापेक्षा जास्त तुकडे ऐकले होते.

"हे तर तेच ते हाय," त्या हळूच म्हणाल्या.

मग वळल्या आणि महाराजांच्या चौरंगाकडं गेल्या. "माते, शक्तीला स्पर्श..." महाराज उठायला लागले. विमलबाईंनी भगवी शाल ओढली. शिसवी लाकूड म्हणजे नुसतं वरचं खोकं होतं, आत तीच काळी जपानी पेटी आणि बटणांची तीच रांग. त्यांनी तुकड्याचं बटण शोधून दाबलं. तोच तुकडा, तस्साच.

"माह्या माणसानं एक तुकडा दोनदा सारखा नाही वाजवला कधी," त्या मांडवाकडं बघून म्हणाल्या. "हा निवृत्ती नोय. म्या इतके दिवस बटनापाशी रडून राह्यली."

महादेवरावांनी पुढं होऊन महाराजांची पेटी उलटी केली आणि सहा सेल लोकांपुढं काढून ठेवले. तिचा ताल बंद पडला. मग पोरं झाडावरून उतरली आणि एकेकानं सेल हातात घेऊन पाहिले. महाराज कलियुगाबद्दल बरंच बोलले, पण दुपारच्या यष्टीनं गेले. मठात सोबत कोणी गेलं नाही.

उकंडराव मांडवातच बसून राहिला होता. मी त्याला टोमणा मारायला गेलो होतो. तो म्हणाला, "मास्तर, मले काही नोको होतं. मले निस्ता भावाचा आवाज आयकाचा होता." मी टोमणा गिळला आणि त्याच्याजवळ बसलो.

चार दिवसांनी विमलबाई शाळेच्या पायरीशी आल्या. "एक सांगा. लोक म्हनतच होते, सरळ चालला. तुमचं काम झालं होतं. काऊन धोतर बाजूले फेकलं?"

"मले जन्मभर वाटलं असतं, तुमी पेटीले हो म्हनल्या, मले नाही."

"लै जळता मास्तर तुमी," असं म्हणून त्या हसल्या. पण हो म्हणाल्या नाहीत. "आता कोनाले इचारायचं नाही मले. ना त्याइले, ना उकंडभाऊले. माह्यं मलेच ठरवू द्या." आखाजी गेली, पाऊस आला, कापूस वेचून झाला. मी पेटी वाजवत राहिलो आणि वाट बघत राहिलो. दिवाळीनंतर त्या आपल्या पायांनी आल्या आणि आमचा पाट लागला.

वाचकहो, मेलेल्या माणसाचा आवाज ऐकण्याची इच्छा वेडेपणाची नाही. ज्याचं कोणी गेलं आहे त्या प्रत्येकाला ती असते आणि बुवा लोक तिच्यावरच जगतात. म्हणून कोणी असा आवाज ऐकवायला आला तर त्याच्या पाया पडण्याआधी वरची शाल उचला. बटण त्याला दाबू देऊ नका, स्वतः दाबा. आणि उत्तर अगदी तुमच्या मनासारखं आलं, तर आणखी एकदा दाबून बघा. मी त्या सकाळी मनासारखं उत्तर घेऊन गप्प बसलो असतो, तर गावात एक नवा महाराज तयार झाला असता, आणि तो मी असतो.