मोठ्या घड्याळामागचा कागद

मामंजींचं अक्षर वाचता येणारी घरात मी एकटीच.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर उजव्या डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि घरची वहीसुद्धा ते भिंग न काढताच लिहायचे. त्यामुळे अक्षर मोहरीएवढं. त्यात एकदा टेकवलेलं पेन ओळ संपेपर्यंत उचलायचं नाही, ही त्यांची पद्धत. काने, मात्रा, अनुस्वार सगळं ओळ झाल्यावर एकदम, जागा सापडेल तिथे. घरात कोण कधी जन्मलं, कोणाचा दात कधी पडला, कोण रुसून गेलं आणि किती वाजता परत आलं, हे सगळं त्या वह्यांत आहे, मिनिटासकट. माझ्या यजमानांच्या जन्माची नोंद अशी: ‘सकाळी नऊ सतरा. मोठं घड्याळ दोन मिनिटं मागे, म्हणून नऊ एकोणीस.’

अशा एकतीस वह्या. मुलाला आता त्यांचं पुस्तक करायचंय, घराण्याचा इतिहास म्हणून. मी वाचायचं आणि नातीने, बारकीने, टाइप करायचं. जागा मामंजींचीच खोली. एक खिडकी, तीही जिन्याकडे उघडणारी. भिंतीवर ते मोठं घड्याळ, बंद पडलेलं, आणि खाली माझी खुर्ची. पन्नास वर्षांपूर्वी होती तिथेच.

मला धाकट्या बहिणीकडे राहायला जायचंय. दोन वर्षं चाललंय आमचं. तिच्या घरात खालची खोली रिकामी आहे, समोर छोटं अंगण आहे, आणि आम्ही दोघी बोलायला लागलो की तिसऱ्या माणसाची गरज पडत नाही. परवा तिचा फोन आला.

“ताई, एक तारखेपर्यंतच खोली धरून ठेवते. मग शेजारणीच्या भाचीला देणार. ती निदान येते तरी.”

“मी पत्र लिहिलं होतं ना तुला सगळं.”

“मिळालं. मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडल्यास का? एक ओळ लागली तर शपथ.”

मी हसले. फोन ठेवल्यावर किराण्याची यादी काढून पाहिली. खरंच की. माझं अक्षर मामंजींसारखं झालंय.

त्या दिवशी वीस तारीख होती. एका वहीला मला आठवडा लागतो, आणि उरल्या होत्या बारा. जेवताना मी मुलाकडे विषय काढला.

“जा ना आई,” तो म्हणाला. “तुला कोण अडवतंय? फक्त वह्या तेवढ्या संपव आणि जा.”

घास तसाच हातात राहिला. हे वाक्य मी याआधी ऐकलं होतं, याच घरात, याच सुरात.

लग्न होऊन सहा महिने झाले होते. मला शाळेत शिक्षिकेची जागा मिळाल्याचं पत्र आलं. त्याच सुमाराला मामंजींचे डोळे अधू व्हायला लागले होते. स्वतःच्या जुन्या वह्या त्यांना वाचता येईनात, आणि त्या कोणालाच वाचता येईनात. मी गंमत म्हणून बसले. तीन आठवडे घालवून एक मोठा कागद केला. डावीकडे त्यांचं प्रत्येक अक्षर जसंच्या तसं काढलं, उजवीकडे ते आपण कसं लिहितो ते. तो कागद शेजारी ठेवला की वही उलगडायची. घरभर माझं कौतुक झालं. यजमान म्हणाले, “आमच्या सात पिढ्यांना जमलं नाही ते हिने केलं.” मामंजी म्हणाले, “शाळा कुठे पळून जाते? वह्या तेवढ्या संपव आणि जा.”

तेव्हा एकोणीस वह्या होत्या. त्या वाचून दाखवायला मला दहा महिने लागले. शेवटचं पान झालं तेव्हा मामंजी डोळे मिटून म्हणाले, “पहिली जरा घाईत ऐकली. परत घे.” आम्ही परत घेतली. मामंजी गेले तोवरच्या अकरा वर्षांत त्या एकोणीस वह्या मी किती वेळा वाचल्या, ते सांगत नाही. शाळेतली जागा केव्हाच भरली.

आणि तो कागद? तो दुसऱ्याच वर्षी हरवला. मामंजींनी बघायला म्हणून मागून घेतला आणि मग म्हणाले, सापडत नाही. तोवर मला त्याची गरज उरली नव्हती. दुसरा करायला मला दोन दिवस लागले असते. तो नणंदेच्या हातात दिला असता तर मी मोकळी झाले असते. मी केला नाही. ‘तुझ्याशिवाय कोणाला जमणार’ हे ऐकायची चटक लागली होती, आता लपवून काय करू?

या खेपेला मात्र मी प्रयत्न केला. मुलाचं बोलणं ऐकलं त्याच दुपारी कोरा कागद घेऊन बसले, बारकीला शिकवायला. जमेना. मला आता त्या वहीत अक्षरं दिसतच नाहीत. ओळीवर नजर टाकली की माणसं बोलायला लागतात. ‘क’ कुठला आणि ‘फ’ कुठला, ते बोटाने दाखवता येईना.

“आजी, यातलं एकतरी अक्षर दाखव,” बारकी म्हणाली.

“हे बघ, इथे तुझ्या पणजीला खोकला झालाय.”

“मला खोकला नकोय, ‘ख’ हवाय.”

शेवटी नाद सोडला आणि विसावी वही उघडली. ही मामंजींनी मला कधी वाचायला दिली नव्हती. त्या काळात ते सवयीने, न बघताच लिहायचे. ओळी एकमेकींवर चढलेल्या. मी वाचत होते, बारकीची बोटं चालत होती. ‘मंगळवार. पाऊस नाही. थोरल्याच्या पायाला काच. सहा दहाला मलमपट्टी.’ पुढच्या ओळीशी मी थांबले.

“पुढे?” बारकी म्हणाली.

तिला काहीही सांगता आलं असतं. पडताळून पाहणारं कोण होतं?

“लिही,” मी म्हटलं. “‘सूनबाईने केलेला अक्षरांचा कागद मोठ्या घड्याळात, मागच्या फळीआड ठेवला. तो असला तर कोणीही वाचेल, आणि ती शाळेत जाईल.’”

बारकीने मान वर करून घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दर शनिवारी मी ते घड्याळ पुसत आले. आतली काचसुद्धा.

तिने स्टूल ओढलं, घड्याळाचं दार उघडलं, लंबक काढून माझ्या हातात दिला. फळीला खालून नुसती खाच होती, बोट घालताच ती निघाली. कागद चार घड्यांचा, कडा पिवळ्या. आत माझंच अक्षर होतं. गोल, सुटं, शाळेच्या फळ्यावर लिहावं असं. ते अक्षर मी ओळखलं, पण माझ्या हाताला आता ते येणार नाही.

बारकीने कागद वहीशेजारी पसरला. बोट एकदा इकडे, एकदा तिकडे.

“पुढची ओळ मी लावते. तू सांगू नकोस.”

मी खिडकीकडे तोंड केलं. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. चौदा.

“‘तिला... सांगितलं... हरवला,’” बारकी वाचत होती. एकेका शब्दाला चहा होईल एवढा वेळ. “‘दुसरा... करते... म्हणाली नाही.’” मग बोट पुन्हा कागदावर फिरलं. “‘बरं वाटलं.’”

लंबक अजून माझ्या हातात होता. तो टेबलावर ठेवला आणि माझ्या खोलीत आले, पलंगाखालची बॅग ओढली.

संध्याकाळी मुलगा दारात येऊन उभा राहिला. “आई, बारकीला एक पान लावायला अख्खा दिवस लागेल गं. तू दिवसाला वीस करतेस.”

“लागू दे.”

“मग निदान विसावी तरी संपव. उघडलीच आहेस ना.”

“आधी बहिणीला फोन लावून दे,” मी म्हटलं. “रविवारी पोचते म्हणून सांगायचंय.”

त्याने फोन लावून दिला. बहीण म्हणाली, “आलीस की खरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मामंजींच्या खोलीतून बारकीचा आवाज आला.

“आजी, हे काय लिहिलंय गं? दोन मिनिटं ये ना.”

हातातली घडी मोडली. मी उठून उभी राहिलेसुद्धा, दाराकडे दोन पावलं टाकली. त्या खुर्चीत बसले असते तर एका नजरेत सांगितलं असतं, आणि मग पुढचं पान आलं असतं.

“कागदावर बघ,” मी म्हटलं आणि पलंगाची कड घट्ट धरून खाली बसले.

मी ती कड सोडली नाही. बऱ्याच वेळाने टाइप केल्याचा आवाज आला, अडखळत, एकेक अक्षर.